स्पोर्ट्स कारचं इंजिन ऑइल: डब्याची मागची बाजू वाचायला शिका

सेकंडहँड स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, फोक्सवॅगन पोलो जीटी किंवा एखादी जुनी बीएमडब्ल्यू थ्री सिरीज घेतली की पहिल्या महिन्यातच ऑइल चेंजचा प्रश्न उभा राहतो. स्पेअरवाला चार डबे समोर ठेवतो. चारही 'फुल सिंथेटिक', दोनांवर 'रेसिंग', एकावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा, आणि भावात दुपटीपर्यंत फरक. यातला कुठला घ्यायचा हे पुढच्या लेबलवरून कधीच कळत नाही. ते मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत असतं. ती अक्षरं वाचता आली की महाग ऑइल कुठे खरंच लागतं आणि कुठे नुसतं गळ्यात मारलं जातं, हे समजतं. बचत होते ती तिथे. हलक्या दर्जाचं ऑइल घालून होत नाही.

खाली उदाहरण म्हणून बहुतेक ठिकाणी फोक्सवॅगन गटाचं २.० टीएसआय, म्हणजे थेट इंजेक्शनचं टर्बो पेट्रोल इंजिन धरलं आहे, ऑक्टाव्हिया आरएस २३० आणि २४५ मधलं. पद्धत मात्र कुठल्याही गाडीला लागू पडते.

आधी मॅन्युअल, मग दुकान

मॅन्युअलमधल्या ऑइलच्या पानावरून तीन गोष्टी फोनमध्ये टिपून घ्या: गाडीच्या कंपनीने ऑइलसाठी ठरवलेलं मानक, ग्रेड (ऑइलचा घट्टपणा) आणि फिल्टरसकट किती लिटर लागतं. आपल्या उदाहरणात मानक व्हीडब्ल्यू (फोक्सवॅगन) ५०२ ०० किंवा ५०४ ००, ग्रेड ५डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-३०, आणि साधारण ५.७ लिटर. मॅन्युअल नसेल तर चासी नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर विचारा. ऑइल कंपन्यांच्या संकेतस्थळावर गाडीचं नाव टाकून उत्तर मिळतं, पण ते पडताळणीपुरतं वापरा. तिथे बऱ्याचदा दुसऱ्या देशातलं मॉडेल निघतं.

क्रम मुद्दाम असा दिला आहे: मानक आधी, ग्रेड नंतर. लोक नेमकं उलटं करतात. 'मला ५डब्ल्यू-३० द्या' म्हटलं की दुकानदार कुठलंही ५डब्ल्यू-३० देतो, आणि इथेच फसगत होते. १५० अंशांना, जोरदार घर्षणाखाली ऑइलचा घट्टपणा किती टिकतो याची एक चाचणी असते. तिला एचटीएचएस म्हणतात. साध्या ५डब्ल्यू-३० मध्ये हा आकडा २.९ असला तरी चालतो. व्हीडब्ल्यू ५०४ ०० मान्यतेच्या ५डब्ल्यू-३० मध्ये तो किमान ३.५ असावाच लागतो. दोन्ही डब्यांवर पुढून एकच ग्रेड, आत दोन वेगळी ऑइलं. टर्बोच्या दांड्यापाशी आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमध्ये ऑइलचा जो पातळ थर उरतो, तो या आकड्यावर ठरतो. खंडाळ्याचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये जोरात चढताना इंजिन जगतं ते त्या थरावर.

ग्रेडचे दोन आकडे

'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतला. ५डब्ल्यू ऑइलची थंड इंजिन फिरवण्याची चाचणी उणे ३० अंशांना होते, ०डब्ल्यूची उणे ३५ ला. पुण्यात कडाक्याची थंडी म्हणजे ८-९ अंश. तेव्हा मॅन्युअल दोन्हींना परवानगी देत असेल तर फक्त ०डब्ल्यू आहे म्हणून जास्त पैसे देण्यात अर्थ नाही. हिवाळ्यात लडाखला गाडी नेणारे सोडून द्या. उलट ०डब्ल्यू-४० सारख्या रुंद पल्ल्याच्या ऑइलला पॉलिमर जास्त लागतात, आणि ते पॉलिमर वापरात तुटत गेले की ऑइल पातळ होतं. चांगल्या कंपन्या हे उत्तम बेस ऑइल (ज्यात बाकीचे घटक मिसळतात ते मूळ तेल) वापरून सांभाळतात, पण त्याची किंमत तुम्हीच मोजता.

दुसरा आकडा गरम इंजिनातला. १०० अंशांना ३० ग्रेडचा घट्टपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स, ४० ग्रेडचा १२.५ ते १६.३. आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि ट्रॅफिकमध्ये मॅन्युअल ३० आणि ४० दोन्ही चालतात म्हणत असेल, तर ४० घ्या. आमचा कल तरी तिकडेच आहे. भाव साधारण सारखे असतात, आणि ५डब्ल्यू-४० बाजारात सहज मिळतं.

'उन्हाळा आहे, घट्ट ऑइल घाला' हा सल्ला मात्र इथेच थांबवायचा. २०डब्ल्यू-५० आजच्या टर्बो इंजिनात घातलं तर सकाळी पहिल्या काही सेकंदांत ते वरपर्यंत पोचायला वेळ लागतो, फिल्टरचा बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल बेअरिंगकडे जातं. व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा आणि टायमिंग चेनचा टेन्शनर दोन्ही ऑइलच्या दाबावर चालतात. त्यांच्या वाटा बारीक असतात. १०डब्ल्यू-६० चंही तसंच. बीएमडब्ल्यूच्या एस५४, एस६५ आणि एस८५ या एम, म्हणजे स्पोर्ट्स विभागाच्या इंजिनांना ते कंपनीनेच सांगितलं आहे. म्हणून साध्या ३३० आयमध्ये ते घातल्याने गाडी एम होत नाही.

दुसऱ्या टोकाची चूकही घडते. व्हीडब्ल्यू ५०८ ०० हे ०डब्ल्यू-२० ऑइल नवं मानक आहे, म्हणून ते 'जास्त चांगलं' समजून जुन्या इंजिनात घातलं जातं. जुन्या इंजिनांना ते चालत नाही. ज्या इंजिनासाठी सांगितलं आहे त्यातच घालायचं.

मागच्या बाजूची बारीक अक्षरं

तीन प्रकारची नावं दिसतील.

पहिलं एपीआय, अमेरिकेचं. पेट्रोलसाठी 'एस'ने सुरू होतं: एसएन, एसएन प्लस, २०२० पासून एसपी आणि २०२५ पासून एसक्यू. थेट इंजेक्शनच्या टर्बो गाडीला एसपी किंवा पुढचं हवं. कारण असं की कमी आरपीएमवर पूर्ण जोर मागितला, म्हणजे पाचव्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमवर ॲक्सिलरेटर दाबला, की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो. त्याला एलएसपीआय म्हणतात, आणि एका झटक्यात पिस्टनची रिंग-लँड (रिंगांमधली कड) तुटू शकते. ऑइलमधलं जास्त कॅल्शियम हा धोका वाढवतं, म्हणून नव्या ऑइलांत कॅल्शियम कमी करून मॅग्नेशियम वाढवलं. एसपीमध्ये याची चाचणी आहे, शिवाय टायमिंग चेनच्या झिजेचीही. चेन बदलण्याचा खर्च ज्यांनी ऐकला आहे त्यांना एवढं पुरे. डब्यावर 'एसएम' किंवा 'एसएल' एवढंच दिसलं तर तो जुना साठा किंवा जुनं सूत्र, ठेवून द्या.

दुसरं एसीईए, युरोपचं. ए३/बी४ आणि सी३ ही दोन इथे महत्त्वाची. दोन्हींत एचटीएचएस किमान ३.५. फरक राखेचा. सी३ मध्ये सल्फेटेड राख ०.८ टक्क्यापर्यंतच असते, ए३/बी४ मध्ये त्याहून जास्त. गाडीच्या एक्झॉस्टमध्ये पेट्रोल पार्टिक्युलेट फिल्टर असेल तर सी गटाचंच ऑइल लागतं, नाहीतर राखेने तो फिल्टर हळूहळू बुजतो आणि बदलायचा खर्च ऑइलच्या कित्येक पट. असा फिल्टर नसेल तर ए३/बी४ उत्तम चालतं आणि सहसा स्वस्त पडतं. 'भारतातल्या पेट्रोलमध्ये गंधक जास्त, म्हणून सी३ नको' हे अजून ऐकू येतं. बीएस४ च्या काळात मर्यादा ५० पीपीएम होती तेव्हा त्यात काही तथ्य होतं. एप्रिल २०२० पासून ती १० पीपीएम आहे.

तिसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी बनवणाऱ्याची मान्यता: व्हीडब्ल्यू ५०२ ००, बीएमडब्ल्यू लाँगलाइफ-०१ किंवा ०४, मर्सिडीज २२९.५, पोर्शे ए४०. इथे शब्द नीट वाचा. 'अप्रूव्हल' किंवा 'अप्रूव्हड' म्हणजे ऑइल कंपनीने नमुना देऊन, चाचण्या करून परवानगी मिळवली आहे. 'मीट्स द रिक्वायरमेंट्स', 'सुटेबल फॉर', 'रेकमेंडेड फॉर' हा ऑइल कंपनीचा स्वतःचा दावा. दावा खोटाच असतो असं नाही, पण वॉरंटीच्या भांडणात त्याचा उपयोग नाही.

इथेच खरी बचत आहे. मर्सिडीज आपल्या मान्यताप्राप्त ऑइलांची यादी मानकानुसार इंटरनेटवर खुली ठेवते. २२९.५ चं पान उघडलं की मोठ्या नावांच्या शेजारी कमी जाहिरातीची कितीतरी नावं दिसतात. त्यातलं जे भारतात मिळतं आणि ज्याच्या मागच्या लेबलवर व्हीडब्ल्यू ५०२ ००/५०५ ०० ची मान्यताही लिहिली आहे, ते तुमच्या टीएसआयला निर्धास्त चालेल, मग पुढे नाव कुठलंही असो. एपीआयचीही परवानाधारकांची यादी अशीच शोधता येते. दहा मिनिटांचं काम, आणि पुढची काही वर्षं 'ब्रँड कुठला' हा वादच उरत नाही.

'फुल सिंथेटिक' या शब्दाला फार किंमत देऊ नका. १९९९ मध्ये अमेरिकेत मोबिलने कॅस्ट्रॉलविरुद्ध जाहिरातीची तक्रार केली होती, आणि निकाल असा लागला की हायड्रोक्रॅकिंग करून शुद्ध केलेलं खनिज तेल, म्हणजे ग्रुप तीन, हेही सिंथेटिक म्हणून विकता येईल. तेव्हापासून त्या शब्दाच्या छत्रीखाली ग्रुप तीन आणि रसायनांपासून बनवलेली पीएओ व एस्टर सगळे उभे आहेत. मान्यतेच्या चाचण्या पार केल्या असतील तर आत काय आहे याची चिंता करायचं कारण नाही.

'रेसिंग' लिहिलेल्या ऑइलबद्दल एवढंच: शर्यतीचं खरं ऑइल काही तासांसाठी बनतं. त्यात स्वच्छ ठेवणारे घटक कमी आणि झिंक-फॉस्फरस जास्त असू शकतं, जे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला मारक. रोजच्या गाडीत नको. याला अपवाद जुन्या फ्लॅट टॅपेटच्या गाड्यांचा, जिथे कॅमशाफ्ट सपाट टॅपेटवर घासत फिरतो. एमजीबीसारखी क्लासिक असेल तर तिथे जास्त झिंकचं २०डब्ल्यू-५० हेच बरोबर, आणि आजचं पातळ एसपी ऑइल तिच्या कॅमशाफ्टला घासून टाकेल.

बाइकचं जॅसो एमए२ ऑइल ओल्या क्लचसाठी असतं आणि १५डब्ल्यू-४० सीआय-४ ट्रकसाठी. दोन्ही स्वस्त आहेत, दोन्ही इथे नकोत.

खरेदीचा हिशोब

भाव बदलते असतात, म्हणून फक्त समजण्यापुरते आकडे घेऊ. समजा ४ लिटरचा डबा ३,२०० रुपयांना आणि १ लिटरचा ९५० ला. ५.७ लिटरसाठी ४+१+१ घेतले तर ५,१०० रुपये. तीच गाडी असलेला मित्र जोडीला घेतला तर दोघांना मिळून ११.४ लिटर लागतं. ४ चे तीन डबे ९,६०० ला, म्हणजे प्रत्येकी ४,८०० आणि वर ०.६ लिटर टॉप-अपला शिल्लक. बचत प्रत्येकी ३०० रुपये. ही काही मोठी रक्कम नाही. सहज जमत असेल तर वाचवा, त्यासाठी धावपळ करू नका. बंद डबा सावलीत, कोरड्या जागी चार-पाच वर्षं टिकतो, तेव्हा सेलमध्ये पुढच्या वेळचा घेऊन ठेवायला हरकत नाही.

मोठी रक्कम जाते ती बिलाच्या खालच्या ओळींत. इंजिन फ्लश, ऑइल ॲडिटिव्ह, 'इंजिन कोटिंग'. मान्यताप्राप्त ऑइलमध्ये डिटर्जंटपासून घर्षण कमी करणाऱ्या घटकांपर्यंत सगळं प्रमाणात मोजून घातलेलं असतं. वरून बाटली ओतली की ते प्रमाण बिघडतं. वेळच्या वेळी ऑइल बदलणाऱ्या इंजिनाला फ्लश लागत नाही, आणि वर्षानुवर्षं न बदललेल्या इंजिनात फ्लशने सुटलेली काजळी थेट ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकते. तिथे दोन-तीन ऑइल चेंज जवळजवळ करणं जास्त शहाणपणाचं. सर्व्हिसला गाडी देताना जॉब कार्डवरच 'फ्लश नको, ॲडिटिव्ह नको' लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं संध्याकाळपर्यंत विसरलेलं असतं.

बाहेरच्या गॅरेजमध्ये ड्रममधलं सुटं ऑइल स्वस्तात मिळतं. त्यात काय आहे हे मिस्त्रीलाही नक्की माहीत नसतं. आपलं ऑइल आणि आपला फिल्टर घेऊन जा, सील समोर फोडायला सांगा, उरलेलं ऑइल डब्यासकट घरी आणा. फिल्टर मान, माले, बॉश या ब्रँडपैकी एकाचा किंवा गाडीच्या कंपनीचा. दोनशे रुपये वाचवायला अनोळखी फिल्टर लावू नका. त्यातली ऑइल मागे वाहू न देणारी झडप नीट बसत नसेल तर रात्रभरात फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी इंजिन काही क्षण कोरडं फिरतं.

दुकानदार 'बिल हवं तर जीएसटी वेगळा' म्हणाला तर डब्यावरची एमआरपी दाखवा. तीत सगळे कर धरलेले असतात. बिल घ्याच, वॉरंटीतल्या गाडीला तर नक्कीच, आणि त्यावर ऑइलचं पूर्ण नाव लिहून घ्या. वॉरंटी चालू असताना मात्र अधिकृत केंद्रातच ऑइल बदलणं बरं. तिथे वाचवलेले पैसे टर्बो गेल्यावर महागात पडतात.

नकली मालाचं काय? झाकणाची रिंग अखंड आहे का, बॅच नंबर आणि तारीख डब्यावर छापलेली आहे की चिकटवलेली, क्यूआर कोड कंपनीच्या पानावर जातो का, हे बघा. ऑनलाइन घेताना विक्रेत्याचं नाव वाचा आणि कंपनीच्या वितरकांच्या यादीशी ताडून बघा. निम्म्या भावात मिळणारं आयात ऑइल बहुधा आयात झालेलंच नसतं. आणि रिकामा डबा भंगारवाल्याला देण्याआधी त्याला सुरीने भोक पाडा. तोच डबा भरून पुन्हा बाजारात येतो.

किती किलोमीटरला बदलायचं

किलोमीटरपेक्षा तास मोजा. मुंबईत सरासरी २० च्या वेगाने १०,००० किमी म्हणजे इंजिनाचे ५०० तास. एक्स्प्रेसवेवर सरासरी ६० ने तेच अंतर १६७ तासांत होतं. मॅन्युअलमध्ये 'कठीण परिस्थिती'साठी वेगळं, कमी अंतराचं कोष्टक असतं. आपलं शहरी ट्रॅफिक त्यातच मोडतं. टर्बो गाडी शहरात चालत असेल तर आम्ही ७,५०० किमी किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, धरतो. फक्त रविवारी निघणाऱ्या गाडीला अंतर नाही, वर्ष लागू. थोड्या थोड्या अंतरात इंजिन पुरतं तापत नाही, पेट्रोल आणि पाणी ऑइलमध्ये राहून जातं. २०२५ पर्यंत ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, देशभर आल्यानंतर हा मुद्दा जास्त लागू झाला आहे. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास सलग, पूर्ण तापेपर्यंत चालवा.

रंगावरून काही ठरवू नका. थेट इंजेक्शनच्या गाडीत ऑइल हजार किलोमीटरमध्ये काळं होतं, ते काजळी सांभाळतंय एवढाच अर्थ. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आणि पातळी आपोआप वाढलेली दिसली तर काळजी करा: इंधन ऑइलमध्ये मिसळतंय. पोर्शेसारखं आठ लिटरच्या आसपास ऑइल घेणारं इंजिन असेल तर वापरलेल्या ऑइलची प्रयोगशाळेत तपासणी परवडते. लोखंड वाढलं तर झीज, सिलिकॉन वाढलं तर एअर फिल्टरच्या वाटेने धूळ जातेय.

घरी ऑइल चेंज

रॅम्प किंवा जॅक स्टँड नसतील तर हे करू नका. नुसत्या जॅकवर टेकवलेल्या गाडीखाली जायचं नाही, एका मिनिटासाठीही नाही.

इंजिन पाच-सात मिनिटं चालू ठेवा, कोमट पुरे. मागच्या चाकांना ठोकळे लावा, गाडी उचला, खालचं आवरण काढा. वरचं ऑइलचं झाकण सैल करा म्हणजे ऑइल नीट वाहतं. ड्रेन प्लग काढून वीस मिनिटं निथळू द्या. काही गाड्यांत ऑइल चेंबर आणि प्लग दोन्ही प्लास्टिकचे असतात. असा प्लग दर वेळी नवा. धातूच्या प्लगला वॉशर नवा. आपल्या २.० टीएसआयमध्ये फिल्टर वरून निघतो. त्याचं झाकण थोडं फिरवून काही मिनिटं थांबा, आतलं ऑइल खाली उतरू द्या, मग पूर्ण काढा. जुनी ओ-रिंग काढून नवी त्याच खाचेत बसवा, तिला ताजं ऑइल लावा. डब्याच्या आकाराचा, फिरवून बसणारा फिल्टर असेल तर जुन्याची रबर रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना, बोट फिरवून खात्री करा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर गाडी सुरू केल्यावर मिनिटाभरात सगळं ऑइल रस्त्यावर.

प्लग आणि झाकण टॉर्क पान्यानेच, मॅन्युअलमधल्या किंवा झाकणावरच छापलेल्या आकड्याला. हाताच्या अंदाजाने आवळणारे चेंबरचे आटे घालवतात.

सांगितलेल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी ओता. इंजिन मिनिटभर चालवा, दाबाचा दिवा विझला का बघा, खाली गळती बघा, बंद करा. पाच मिनिटांनी सपाट जागी डिपस्टिक बघून उरलेलं थोडं थोडं घाला. पातळी किमान आणि कमाल खुणांच्या मध्ये, वरच्या बाजूला. कमालच्या वर गेली तर क्रँक ऑइल घुसळून फेस करतो, आणि फेसाला दाब धरत नाही; जास्तीचं ऑइल इंजिनाच्या ब्रीदर पाइपमधून हवा घेणाऱ्या इनटेकमध्ये जातं. अर्धा लिटर जादा झालं तर ते काढायचंच. डिपस्टिक नसलेल्या बीएमडब्ल्यू किंवा पोर्शेमध्ये स्क्रीनवरचं माप गाडी पूर्ण तापल्यावर, मॅन्युअलच्या क्रमानेच घ्या. शेवटी सर्व्हिसचा दिवा रीसेट.

जुनं ऑइल गटारात किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नका. कायद्याने ते घातक कचरा आहे. रिकाम्या डब्यात भरून ज्या गॅरेजचं ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणारे नेतात तिथे द्या.

यानंतर दर हजार किलोमीटरला आणि लांबच्या प्रवासाआधी पातळी बघत जा. टर्बो गाड्या ऑइल खातात. फोक्सवॅगन हजार किमीमागे अर्ध्या लिटरपर्यंतचा वापर मान्य धरते. म्हणजे गोव्याला जाऊन-येऊन किमान खुणेला पोचणं अशक्य नाही. उरलेला लिटरचा डबा डिकीत ठेवा, त्याच मानकाचा.

ट्रॅक डेला, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी पळवायला, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटला किंवा चेन्नईला जाणार असाल तर पातळी कमाल खुणेशी ठेवा, कारण लांब वळणांत ऑइल एका बाजूला सरकतं आणि पंपाला हवा मिळू शकते. ऑइल टेंपरेचर १३० अंशांच्या वर जायला लागलं की एक फेरी हळू मारून थंड करा. परतल्यावर ते ऑइल कितीही कमी चाललेलं असलं तरी लवकर बदला. इंजिन तापलं असताना ट्रॅकवरून येऊन लगेच बंद करू नका. टर्बोच्या दांड्यापाशी थांबलेलं ऑइल तिथेच जळून कोळसा होतं, आणि असा टर्बो बदलण्याच्या पैशांत काही वर्षांची ऑइलं आली असती.